बिनतुरटीचा लाल

४ जानेवारी

माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी, आठवतील तशा लिहितो.

घराचं मागचं दार, कडीकोयंड्यासकट. स्वयंपाकघरातली मांडणी. मुलीचा पाळणा, त्या पाळण्यापायी करवतीखाली उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं, पण पाळणा एकदाही कुरकुरला नाही. हिच्या शिलाई मशीनचं टेबल. त्याचा एक पाय मी मुद्दाम आखूड ठेवला आहे, कारण अंगणातली फरशी त्या कोपऱ्यात मुळांनी उचलली आहे, आणि आता टेबल तिथे असं बसतं की वर काठोकाठ भरलेला पेला ठेवावा. मागची शेड. रंग उकळायची चूल. कांद्याच्या सालींचा पिवळा, अक्रोडाच्या टरफलांचा तपकिरी, गंजक्या खिळ्यांच्या पाण्याचा काळा. लालसालीचा लाल, जो मला कुणी शिकवला नाही आणि मी कुणाला शिकवणार नाही.

आणि मफलरची गेल्या अकरा वर्षांतली सगळी चित्रं.

मफलर हे मी ठेवलेलं नाव. ऐन उन्हाळ्यातही याच्या गळ्यात मफलर असतो. जगात तो मोठा चित्रकार. अमूर्त चित्रं, भिंतभर कापडावर, आणि विषय कायम एकच: माणूस आणि निसर्ग. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार रेघोट्या ओढून आणतो, हवेत हात फिरवतो, "इथे जरा जड हवं, इथे श्वास हवा" म्हणतो आणि जातो. जड म्हणजे किती आणि श्वास म्हणजे काय, हे मी ठरवतो. कापड मी निवडतो, रंग मी करतो, लावतो मी, वाळवतो मी, टांगतो मी. सही तो करतो. सहीचा काळाही माझ्याच डब्यातला.

आज त्याच्या प्रदर्शनाची नवी पुस्तिका हातात पडली. गुळगुळीत कागद, कोपरे गोल कापलेले. शेवटच्या पानावर आभार. छपाईवाला आहे, विमावाला आहे, सगळ्यांची नावं आहेत. सगळ्यात खाली: ‘आणि कारागीर मंडळी’. मंडळी कोण? मी एकटा आहे.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "मंडळी म्हणजे मी असेन. पूर्वी बायकोलाच म्हणायचे ना?" आणि खदखदून हसली. मला हसू आलं नाही.

यादीत एक गोष्ट नाही, तेही लिहून ठेवतो. अंगणातलं लालसालीचं झाड मी केलेलं नाही. ते आपलं आपण आलं. फरशी बसवताना कोंब दिसला. मी उपटणार होतो, हिने वर टोपली पालथी घातली. आता त्याच्याच सावलीत हिचं मशीन असतं आणि त्याच्याच सालीवर माझा लाल.

११ जानेवारी

मफलर आला होता. मोठं काम मिळालंय. कागद कारखान्याचं नवं मुख्य कार्यालय, दर्शनी दालन, दोन मजले उंच भिंत. कारखान्याला निसर्गावर चित्र हवंय. झाडं कापून कागद करणाऱ्यांना! मी तसं बोललो.

"मामा, तोच तर ताण आहे," तो म्हणाला. "तोच पकडायचा."

हा मला मामा म्हणतो. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल. याच्या आईला मी कधी पाहिलंही नाही, मी याचा मामा कसा झालो?

कागदावर त्याने वर लाल फरकाटा ओढला होता, खाली काळं, मधे एक पिवळी फट. "लाल म्हणजे जवळजवळ सगळंच," तो म्हणाला. "जखम नाही हं. ऊबसुद्धा नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी." मी मान डोलावली. दोन्हीच्या मधलं म्हणजे लालसालीचा तिसरा उकळा. हे त्याला ठाऊक नाही.

चहा झाल्यावर मी विचारलं. आठवडाभर मनात घोळवत होतो, तरी आवाज नको तितका बारीक निघाला. म्हटलं, "भिंतीजवळ पाटी लागेल ना? तिच्यावर खाली कुठे माझं नाव आलं तर?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, बेकरीच्या पाटीवर गव्हाचं नाव असतं का?"

आणि हसला. मीही हसलो. तो काय बोलला याच्यापेक्षा मी हसलो हे जास्त झोंबतंय.

तो गेल्यावर ही आतून म्हणाली, "गहू बरा. आपण कशात गेलो ते त्याला कळत तरी नाही."

१४ जानेवारी

भिंतीचं माप घ्यायला गेलो होतो. दालन छान आहे, माणसाला लहान करून टाकणारं. समोरची सगळी बाजू काचेची, पश्चिमेकडे उघडी. वॉचमन बोलका निघाला. म्हणाला, "दुपार कलली की इथे बसवत नाही बघा. पार मावळेपर्यंत ऊन या भिंतीवरच."

मी त्या भिंतीवरचं ऊन बघत उभा राहिलो आणि आठवड्यात पहिल्यांदा माझं डोकं शांत झालं.

लालसालीचा रंग कापडाला धरून राहतो तो तुरटीमुळे. आधी कापड तुरटीत उकळायचं, मग रंग चढवायचा. तसा चढवलेला लाल माझ्या दाराच्या पडद्यावर मुलीच्या शाळेपासून आहे तसा आहे. तुरटी नाही घातली तर रंग पाहुण्यासारखा येतो. पहिले दिवस कुणाला फरक कळत नाही. मग ऊन लागलं की निघतो.

मफलरने कारखान्याला लेखी दिलंय की पन्नास वर्षं रंग हलणार नाही. स्वतःच फुशारकीने सांगत होता.

काळा पक्का करणार. पिवळा पक्का करणार. लाल तेवढा बिनतुरटीचा. त्याच्या सहीचा काळा तर दुप्पट पक्का करीन. चित्र उडून जाईल आणि भिंतभर मळक्या कापडावर खाली कोपऱ्यात त्याची ठसठशीत सही राहील. लोकांनी बोट दाखवून विचारावं, हे कुणी केलं?

याची जिरवायची ती अशी.

१९ जानेवारी

चिंधीवर नमुना केला. अडचण आली. तुरटीशिवाय कापड रंग पीत नाही. पहिला हात फिका गुलाबी आला, लहान बाळाच्या टोपड्यासारखा. त्या आंधळ्याच्यासुद्धा लक्षात येईल. तिप्पट घट्ट काढा केला, तीन हात दिले, तेव्हा कुठे रंग हवा तसा उतरला. शेजारी तुरटीतल्या कापडाचा तुकडा ठेवून मीच चकलो, कुठला कुठला ते.

म्हणजे सालही तिप्पट लागणार.

साल काढायची माझी रीत ठरलेली आहे. एका बाजूची, हाताच्या पंजाएवढी रुंद पट्टी, उभी. आतली ओली पापडी राहू द्यायची. मग ओला चिखल, वर जुनं कापड बांधायचं. त्या बाजूला पुन्हा दोन वर्षं सुरी लावायची नाही. ही रीत मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. झाडाकडे बघून ठरवली. इतकी वर्षं एकदाही मोडली नाही.

या वेळी जरा जास्त घ्यावी लागेल.

२४ जानेवारी

दिवसभर साल काढली. पातळ काढून पुरत नव्हती, आतल्या पापडीतच खरा रंग आहे, म्हणून तीही घेतली. सुरी अगदी लोण्यात फिरावी तशी फिरत होती. डोक्यात बेकरी आणि गहू, गहू आणि बेकरी.

ही मशीनवरून बघत होती. थोड्या वेळाने मशीन थांबलं.

"अहो, झाडाला कंबरपट्टा घातलात की काय?"

"मागे दोन बोटं जागा सोडलीय," मी म्हटलं.

"पूर्वी दोन बोटं काढायचात आणि बाकी सोडायचात."

"तुला यातलं कळत नाही."

"मला शिवणातलं कळतं," ती म्हणाली. "सगळीकडून उसवलं की अंगावर राहत नाही, एवढं कळतं."

काहीतरीच. झाड म्हणजे काय परकर आहे?

२ फेब्रुवारी

हिशेब केला, चित्राच्या वरच्या पट्ट्याला काढा कमी पडणार. ती मागची दोन बोटंही घेतली. चिखल लावला, सगळीकडून नीट बांधलं. झाड दणकट आहे.

९ फेब्रुवारी

शेडमध्ये चौकटीवर कापड ताणलं. जाड सुती, एकसंध विणीचं, मधे एकही गाठ नाही. चार दुकानं हिंडून आणलंय. तीन भागांत करतोय, भिंतीवर सांधा दिसणार नाही.

ताणताना मदतीला कुणी घेत नाही. लोकांच्या हाताचं तेल कापडाला लागतं आणि तिथे रंग बसत नाही. मी स्वतः दर वेळी बादलीतल्या तुरटीच्या पाण्यात हात धुतो, मगच कोऱ्या कापडाला हात लावतो. आजही तसाच धुतला. वरच्या बाजूला कापड जरा फुगत होतं, म्हणून दोन्ही तळहातांनी दाबत दाबत सगळी वरची कड बसवली, भार देऊन, ओळीने. हात झोपवून दाबावं लागतं. बोटांनी दाबलं तर सुरकुती पडते. आता कापड ढोलासारखं वाजतंय.

दुपारी मफलर फोटोवाल्याला घेऊन आला. माझा डागाळलेला एप्रन मागून घेतला, मफलरवरून बांधला आणि हातात कोरडा ब्रश घेऊन कापडासमोर उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, "सर, जरा दमल्यासारखे दिसा." लगेच दमला.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. एरवी जळफळाट झाला असता. आज मजा वाटली. काढ बाबा फोटो. भरपूर काढ. पुढे उपयोगी पडतील.

२० फेब्रुवारी

लाल पुरा झाला. माझ्या हातून असा लाल याआधी उतरला नव्हता. वरून जड, खाली येता येता सुटत गेलेला, काळ्याला टेकतो तिथे नुसती वाफ. ‘श्वास’ त्याने कागदावर दाखवला होता तिथे मी ठेवलाच नाही. डावीकडे, उंच, जिथे कुणी शोधणार नाही तिथे ठेवला. अर्धा तास खुर्ची टाकून बघत बसलो. हे जाणार याचं क्षणभर वाईट वाटलं. मग गव्हाची आठवण काढली.

वरच्या कडेला लाल काही जागी किंचित गडद वाटतो. हात जड पडला असेल. वाळल्यावर एकसारखा होईल.

१२ मार्च

उद्घाटन. कारखान्याचे अध्यक्ष, फुलं, माइक. मफलर वीस मिनिटं बोलला. माणसाने निसर्गाशी कसं हळुवार असावं ते सांगितलं. मी शिडी घेऊन मागे, कारण वरचा एक हूक सैल होता. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून शिडीला रस्ता दिला.

पाटी पितळेची आहे. त्याचं नाव आणि वर्ष. खाली जागा भरपूर मोकळी होती.

घरी आलो तर ही म्हणाली, झाडाला पालवी फुटली. बघितलं. खरंच. "बघ," मी म्हटलं. "म्हणे उसवलं!"

"पानं बारीक आलीत," ती म्हणाली.

काहीही झालं तरी हिला खोट काढायचीच असते.

३० एप्रिल

वॉचमनला भेटून आलो. भिंतीच्या मधोमध लाल फिका पडायला लागलाय. त्याला दिसत नाही, मला दिसतं. दुधावर साय धरावी तसा एक पातळ पडदा. येताना रस्त्यात शीळ घालत आलो म्हणे. शेजारणीने हिला येऊन सांगितलं.

१६ मे

आता कुणालाही दिसेल. मफलरचा फोन नाही. फोन न येणं इतकं गोड असतं हे मला माहीत नव्हतं. जेवताना दोनदा वाढून घेतलं. हिने विचारलं, "कुणाचं वाटोळं झालं?" मी म्हटलं, "व्हायचंय."

८ जुलै

लाल गेला. भिंतीचा मधला सगळा भाग चहा सांडून पुसल्यासारखा. सही मात्र काळी कुळकुळीत. मी काचेबाहेरूनच बघितलं. वॉचमन म्हणाला, वरचे साहेब लोक दोनदा येऊन बघून गेले, कुजबुजत होते. मफलरला बोलावलं होतं. आला तो पांढराफटक पडून.

पेढा, बर्फी, जे म्हणाल ते मी आज वाटलं असतं.

अंगणात फार पानं पडतात. ऊन यंदा कडक आहे.

२७ जुलै

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते, फोन बहुतेक आईशी असतो. आज मला मागितलं.

"बाबा, तुम्ही कागद कारखान्याचं ते चित्र बघितलंत?"

"कुठलं?"

"अहो, सगळे पाठवतायत एकमेकांना. ते विरून जाणारं. लाल उडतोय आणि आतून हात वर येतायत."

"कसले हात?"

"हाताचे पंजे. वरच्या कडेला, ओळीने. लालबुंद. लोक म्हणतायत शहारे येतात बघून." मग म्हणाली, "बाबा, उजव्या पंजाला तर्जनीचं पेर नाहीये."

मी फोन डाव्या हातात घेतला.

"पाळण्याच्या वेळचंच ना ते?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही केलंय ते?"

"मी फक्त कापड ताणलं," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर बादलीकडे गेलो. तुरटीचं पाणी. तळहात. जिथे जिथे मी दाबलं तिथे तिथे कापड तुरटी प्यायलं, आणि तिथला लाल हलायला तयार नाही. बाकी सगळं निघून गेलं, माझे हात राहिले. अकरा वर्षं हात धुवायची सवय. त्या एका दिवशी न धुता लावले असते तर!

२ ऑगस्ट

वर्तमानपत्रात अर्धं पान. फोटो: तो, माझा एप्रन, कोरडा ब्रश. मथळा: ‘विरणाऱ्या जंगलाचा चित्रकार’.

मुलाखतीत म्हणतो, रंग विरावा हीच मूळ कल्पना होती. निसर्ग आपल्या डोळ्यांदेखत जातोय आणि शेवटी फक्त माणसाचे हात उरतात. त्यातला एक हात अधू दाखवलाय, कारण जो ओरबाडतो तोही पुरा राहत नाही. पन्नास वर्षांच्या लेखी हमीबद्दल विचारलं तर म्हणतो, "हमी हाच चित्राचा एक भाग होता. आपण निसर्गाला अशीच खोटी आश्वासनं देतो."

कारखाना खूश. दालन रविवारी लोकांना खुलं केलंय.

पान चुलीत घातलं. मग हिने विचारलं, पेपर कुठाय, तर म्हटलं आलाच नाही.

मी त्याला बुडवायला धोंडा बांधला आणि त्याने त्या धोंड्यावर उभं राहून भाषण केलं.

२४ ऑगस्ट

रविवार. रांगेत उभा राहून आत गेलो, इतरांसारखा.

सांगायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. चित्र चांगलं झालंय. मी केलं होतं त्याहून चांगलं. खाली काळा तसाच, पिवळी फट तशीच. मधे सगळं ओसाड. आणि वर माझे हात, कशाला तरी दाबून धरल्यासारखे, किंवा कशाला तरी लोंबकळल्यासारखे. एक मुलगी हवेत हात धरून तो पंजा आपल्या पंजाशी जुळवून बघत होती. तिच्या आईने फोटो काढला. मी उजवा हात खिशात घातला आणि बाहेर येईपर्यंत काढला नाही.

वॉचमनने ओळखलं. "तुमचं ते शिडीवालं काम ना इथे?" मी हो म्हटलं.

ओरडून सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? हे माझं आहे म्हटलं तर बिघडवलं मी हेही कबूल करावं लागतं. आणि बिघडलेलं तर कुणीच नाही म्हणत.

५ ऑक्टोबर

झाड उघडं पडलंय. पानगळीचा मोसम अजून लांब आहे. बांधलेलं कापड सोडलं. पट्ट्याच्या वर खोड फुगून कड आलीय, खाली सगळं कोरडं, सुरी लावली तर भुगा. फांदी वाकवली, वाकली नाही, मोडली.

हे मफलरचं काम. त्याने तो गव्हाचा शब्द काढला नसता तर मी जास्तीची साल घेतली नसती. त्याच्या हिशेबात हेही मांडून ठेवतो.

हिला तसं म्हटलं. तिने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला आणि म्हणाली, "सुरी त्याची होती का?"

१९ नोव्हेंबर

हिने मशीन आत नेलं. सावलीच नाही तर अंगणात बसून काय करायचं. मला न सांगता शेजाऱ्यांच्या मदतीने टेबल उचललं.

आतली फरशी सपाट आहे. आखूड पायामुळे टेबल डुगडुगतं. प्रत्येक टाक्याला ठकठक. मी म्हटलं, पाय जोडून देतो, तासाभराचं काम आहे. म्हणाली, "राहू दे."

खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. संध्याकाळी बघितलं तर काढून ठेवलेली.

आता घरात दिवसभर ठकठक.

१७ जानेवारी

मफलर आला. उद्घाटनानंतर पहिल्यांदा. दारातच म्हणाला, "मामा, उजवा हात दाखवा."

मी दाखवला. लपवायचं काय कारण? त्याने तर्जनीकडे बघितलं आणि मान हलवली. "मला वाटलंच."

मग मी सांगितलं. इतके महिने ते वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. "तुरटी घातली नव्हती. मुद्दाम. चारचौघांत तुमचं नाक कापलं जावं म्हणून."

मला वाटलं होतं चिडेल. तो खुर्चीवर बसला, मफलर सैल केला. "फिकं पडायला लागलं तेव्हा मी चार दिवस अंथरुणातून उठलो नाही," तो म्हणाला. "बायकोला म्हटलं, आता सामान बांधा. मग पंजे दिसले. वाटलं, हे आधीपासून ठरवलेलं होतं असं म्हणून टाकावं. म्हटलं. लोकांनी मानलं." मग म्हणाला, "मामा, बिघडवलंत तुम्ही, सावरलं मी. मग आता सांगा, चित्र कुणाचं?"

मी उजवा हात खाली घेतला.

त्याला आणखी पाच हवीत. परदेशात मोठं प्रदर्शन आहे. असाच लाल, असाच जाणारा, असेच हात. आणि पाटीवर या वेळी दोन नावं. "सारख्या अक्षरांत. तुमचं आधी हवं तर आधी. लिहून देतो."

"साल कुठून आणू?" मी विचारलं.

त्याने खिडकीतून झाडाकडे बघितलं. इतकी वर्षं या घरात चहा प्यायला, पण मला वाटतं आज पहिल्यांदाच बघितलं. "हे गेलं का? अरेरे. त्याची काळजी नको. कारखान्याच्या लागवडीत लालसाल शेकड्यांनी उभी आहे. अध्यक्ष स्वतः म्हणाले, हवी तितकी सोला. शेवटी त्यांचा कागदच व्हायचाय."

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

आत ठकठक थांबली होती. तो गेल्यावर ही बाहेर आली.

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"ऐकलं."

"नाही म्हणून सांगणार आहे मी. ज्याच्यापायी झाड गेलं त्याच्या..."

"नाही म्हणायचं तर म्हणा," ती म्हणाली. "हो म्हणायचं तर हो म्हणा, मी अडवणार नाही. पण झाडाच्या नावाने म्हणू नका. झाड तुमच्या बाजूने कधी बोललं?"

मग थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता: "ते पाडायला माणूस बघा. वारा सुटला तर छपरावर येईल."

"माणूस कशाला? मीच पाडीन."

"हो," ती म्हणाली. "तुमच्याच हातांनी होऊ दे. सुरुवातही त्यांनीच केली."

१८ जानेवारी

सकाळी फोन करून नाही म्हणालो. त्याने विचारलं, "पण का, मामा?" मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याचंही चित्र केलं असतं. तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला, मी ऐकत राहिलो, मग ठेवला. एवढं एक उट्टं माझ्याजवळ राहील.

करवतीला धार लावली. हात धुवायला बादलीत घातले आणि लक्षात आलं की आज धुवायचं काही कारण नाही. तसेच पुसले.

बाहेर गेलो तर ही झाडाखाली उभी होती, वर बघत. मला बघून बाजूला झाली.

नाकारलं ते काय, हे नीट लिहून ठेवतो, पुढे मला स्वतःलाच खरं वाटणार नाही म्हणून. चित्रं पाच, प्रत्येक भिंतभर. लाल, बिनतुरटीचा. साल कारखान्याची, लागेल तितकी. हात माझे. पाटी पितळेची, तिच्यावर माझं नाव, पूर्ण, आणि त्याच्या आधी. पैसे सहा लाख चाळीस हजार.